स्कर्वी, सैनिक आणि मोड आलेले धान्य

मटकीची उसळ ही आपल्या स्वयंपाकघरातली इतकी परिचित वस्तू आहे की तिच्याकडे इतिहासाच्या दृष्टीने कोणी पाहत नाही. रात्री कडधान्य भिजत घालावे, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली की प्रत्येक दाण्याला पांढरा शुभ्र मोड आलेला दिसावा, हा अनुभव इंदूरला राहणाऱ्या मराठी गृहिणीला आहे तसाच तंजावरला राहणारीलाही आहे. या साध्या कृतीत काही शास्त्र आहे, असे तिला कोणी सांगितले नव्हते आणि सांगण्याची गरजही नव्हती. परंतु याच कृतीच्या अज्ञानामुळे एके काळी हजारो माणसे खितपत पडली. आणि त्या माणसांत आपल्या सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडचे शिपाई होते. ही हकिकत आज मला आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हिंदी सैन्याची सहावी म्हणजे ‘पूना’ डिव्हिजन जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, टायग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादच्या दिशेने चढत गेली. टेसिफॉनच्या लढाईनंतर तिला मागे हटावे लागले आणि कुट-अल्-अमारा या नदीच्या वळणावर वसलेल्या लहानशा गावात तिने आश्रय घेतला. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. तो जवळजवळ पाच महिने टिकला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. वेढ्यात सापडलेल्या पलटणींत १०३ वी मराठा, ११० वी मराठा आणि ११७ वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. आज ज्या दलाला आपण मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणतो, त्या दलाच्या या पूर्वज पलटणी.

या वेढ्यात तोफगोळ्यांइतकाच घातकी शत्रू म्हणजे अन्नाचा तुटवडा. पण तुटवडा हा शब्द सर्वांना सारखा लागू पडत नव्हता. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन प्रकारच्या माणसांना दोन निरनिराळे रोग झाले, आणि येथेच या कथेतील शास्त्राला आरंभ होतो. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे. त्यांच्यात बेरीबेरी दिसू लागली. पुढे मैदा संपला, नाइलाजाने त्यांना कोंड्यासह दळलेले कणकेचे व जवाचे पीठ खावे लागले, आणि बेरीबेरी ओसरली. हिंदी शिपाई कोंड्यासह दळलेली कणीक खात होता. म्हणून बेरीबेरी त्याच्या वाटेला फिरकली नाही. परंतु त्याला गाठले स्कर्वीने. हिरड्या सुजून काळवंडणे, दात हलणे, मांड्यांत आणि सांध्यांत रक्त साकळणे, जुन्या जखमा पुन्हा उकलणे, आणि सर्वांहून वाईट म्हणजे उभे राहण्याचीही इच्छा नाहीशी होणे, अशी या रोगाची लक्षणे आहेत. वेढा पडलेल्या सैन्यात जखमा भरून न येणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

हिंदी शिपायांनाच स्कर्वी का झाली? छावणीत घोडे आणि खेचरे कापून त्यांचे मांस दिले जाऊ लागले होते. ताज्या मांसात स्कर्वीला आवरणारे तत्त्व थोडेसे असते. गोऱ्या सैनिकांना त्याचा आधार मिळाला. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्मभावनेमुळे ते मांस नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा तारायंत्राने मागवण्यात आली, ती मिळालीही. पण पुष्कळांनी ते मांस अगदी अखेरीस, शरीर खंगल्यावर स्वीकारले, आणि काहींनी शेवटपर्यंत नाही. भाजीपाला संपला होता. उपासमारीने व्याकुळ झालेली माणसे नदीकाठचे गवत आणि रानपाला खुडून शिजवून खात. त्यांच्या आडमुठेपणाला हसणे आज सोपे आहे. परंतु माणूस ज्या अन्नसंस्कारात वाढतो तो टाकणे त्याला जीव टाकण्याहून अवघड वाटावे, यात हसण्यासारखे काही नाही. शिध्याची योजना करणाऱ्यांनी तो संस्कार लक्षात घेऊन त्यातच उपाय शोधावयास हवा होता. तसा उपाय होता, हीच या कथेतील शोकान्तिका आहे.

रोग केवळ कुटच्या तटबंदीच्या आतच होता असे मानू नये. वेढा फोडण्यासाठी बसऱ्याहून निघालेल्या आणि पुढे तेथेच राहिलेल्या सैन्यातही तो पसरला. १९१६ च्या उत्तरार्धात मेसोपोटेमियातील हिंदी सैन्यात स्कर्वीचे अकरा हजारांवर रुग्ण नोंदले गेले. अकरा हजार म्हणजे जवळजवळ एक डिव्हिजन. एकही गोळी न झाडता शत्रूने ती गारद केली म्हणावयाची. नदीतून सामान वाहणाऱ्या बोटी अपुऱ्या होत्या, उन्हाळा भयंकर होता, आणि ताजी भाजी बसऱ्याहून आघाडीवर पोहोचेपर्यंत सडून जात असे.

आता थोडे मागे वळून पाहू. स्कर्वी हा मुळात समुद्रप्रवाशांचा रोग. १७४७ साली ‘सॅलिस्बरी’ या इंग्रजी युद्धनौकेवर जेम्स लिंड या शस्त्रवैद्याने बारा रुग्ण खलाशी निवडले, त्यांच्या दोन दोन जणांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळे औषध दिले. ज्यांना संत्री आणि लिंबे मिळाली ते दोघे आठवड्याच्या आत बरे होऊ लागले. तरीही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र सुरू करावयास १७९५ साल उजाडले. मधल्या काळात डब्लिनच्या डेव्हिड मॅकब्राइड यांनी दुसरीच कल्पना १७६४ मध्ये पुढे मांडली होती. जवाला मोड आणून, भाजून, त्यापासून जे ‘माल्ट’ करतात त्याचा काढा खलाशांना द्यावा, असे त्यांचे म्हणणे. कॅप्टन कुक यांनी आपल्या पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेत हे माल्ट जहाजावर नेले, त्याची मनःपूर्वक प्रशंसा केली, आणि खलाशांच्या आरोग्यावरील त्यांच्या निबंधाला १७७६ साली रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले.

येथे इतिहासाने मोठी गंमत केली आहे. मॅकब्राइड आणि कुक सत्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आले होते, पण उंबरठा ओलांडण्यापूर्वीच मागे फिरले. जवाला मोड आणला हे बरोबर. परंतु माल्ट टिकावे म्हणून ते भट्टीवर सुकवतात, आणि त्या उष्णतेत स्कर्वीला रोखणारे तत्त्व नाहीसे होते. कुकचे खलाशी निरोगी राहिले ते माल्टमुळे नव्हे. प्रत्येक बंदरात उतरून हिरवा पाला, ताजी भाजी आणि फळे खाण्याची त्यांना कडक आज्ञा होती म्हणून. पण श्रेय गेले माल्टला, आणि लिंबाचा रस तेवढा काळ मागे पडला. कीर्तिमान मनुष्याची चूक ही सामान्य मनुष्याच्या चुकीपेक्षा किती दूरवर पोहोचते, याचे हे उदाहरण आहे.

दुसरी चूक एकोणिसाव्या शतकातली. भूमध्य सागराकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी ब्रिटिश आरमाराने वेस्ट इंडीजमधील लहान हिरव्या लिंबांचा रस वापरावयास सुरुवात केली. लिंबू ते लिंबू, दोन्ही आंबटच; फरक तो काय? परंतु १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्स यांच्या तुकडीत या रसाचा साठा असूनही स्कर्वीने कहर केला, आणि लिंबावरील विश्वासच डळमळला. आंबटपणा हा गुण नव्हे, गुण दुसऱ्याच कशात आहे, हे कळण्यासाठी एका लहानशा प्राण्याची वाट पाहावी लागली.

तो प्राणी म्हणजे गिनीपिग. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या शास्त्रज्ञांना असे आढळले की, केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगला स्कर्वी होते. हे भाग्य म्हटले पाहिजे. कारण उंदीर, कुत्रा, गाय असे बहुतेक प्राणी हे तत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, आणि त्यांच्यावर कितीही प्रयोग केले असते तरी काही कळले नसते. मनुष्य आणि गिनीपिग हे दोघेही त्या बाबतीत सारखेच दरिद्री. त्याच नॉर्वेमध्ये फ्युर्स्ट या संशोधकाने १९१२ मध्ये दाखवून दिले की, कोरडे धान्य आणि कडधान्य खाऊन गिनीपिगला स्कर्वी होते, परंतु त्याच दाण्यांना मोड आणून घातले तर ती होत नाही.

म्हणजे कुटचा वेढा पडण्यापूर्वी तीन वर्षे हे सत्य छापून प्रसिद्ध झालेले होते. ते लष्करी कोठारापर्यंत पोहोचले नव्हते, इतकेच.

ते पोहोचवण्याचे काम केले लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील स्त्रियांनी. युद्धामुळे पुरुष संशोधक आघाड्यांवर गेले होते. मागे राहिलेल्या हॅरिएट चिक, मार्गारेट ह्यूम, एलन डेल्फ आदी विदुषींनी प्रयोगशाळा चालू ठेवली आणि सैन्याच्या शिध्यातील एकेक पदार्थ गिनीपिगवर पारखून घेतला. प्रयोग मोठ्या चिकाटीचा होता. ओट, कोंडा आणि कडक तापवून निःसत्त्व केलेले दूध या आहारावर प्राणी ठेवावयाचे आणि त्यात एका वेळी एकाच पदार्थाची मोजून भर घालावयाची. किती मात्रेने रोग टळतो ते पाहावयाचे. या पारखणीत हिरव्या लिंबाच्या रसाची शक्ती पिवळ्या लिंबाच्या रसाच्या सुमारे चतुर्थांशच भरली, आणि नेअर्सच्या तुकडीचे कोडे सुटले. आणि कोरड्या मसुरीत वा वाटाण्यात जे तत्त्व जवळजवळ नव्हते, ते मोड आल्यावर चांगले भरघोस आढळले. १९१७ मध्ये चिक आणि ह्यूम यांनी लष्कराच्या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. १९१९ मध्ये चिक आणि डेल्फ यांनी कोरड्या व मोड आलेल्या बियांवरील स्वतंत्र निबंध लिहिला.

त्यांनी सैन्यासाठी लिहिलेली कृती वाचताना मराठी वाचकाला हसू आल्याशिवाय राहत नाही. धान्य एक दिवस पाण्यात भिजवावे, पाणी काढून टाकावे, ओलसर गोणपाटाखाली एक-दोन दिवस ठेवावे, अधूनमधून पाणी शिंपडावे, आणि मोड आल्यावर शक्य तितका थोडा वेळ शिजवावे! आपल्या आजीची कृती लंडनच्या प्रयोगशाळेतून प्रमाणित होऊन आली असे म्हणा ना. परंतु त्या कृतीत एक अट होती, आणि ती फार महत्त्वाची आहे. दाणा अखंड पाहिजे, सालासकट पाहिजे. डाळ चालणार नाही.

श्रोतेहो, या एका वाक्यात मेसोपोटेमियाचे दुःख साठवलेले आहे. हिंदी शिपायाच्या शिध्यात डाळ होती. डाळ टिकते, लवकर शिजते, तिच्यात कचरा नसतो. कोठाराच्या दृष्टीने ती उत्तम. पण डाळ म्हणजे दुभंगलेला दाणा. भरडताना तिचा अंकुर तुटून गेलेला असतो. तिला कितीही भिजवा, मोड येणार नाही. अखंड मूग किंवा मसूर पाठवली असती तर वजन तेवढेच, खर्च तेवढाच, टिकाऊपणा तसाच. आणि प्रत्येक गोणी ही ताज्या भाजीची गोणी झाली असती. ताज्या भाजीला बसऱ्याहून बोट लागते; दाण्याला फक्त पाणी लागते, आणि टायग्रिस तर पायाशी वाहत होती. वेढ्यात कुटच्या घरांतून जवाचा मोठा साठा हाती लागला होता. तो दळण्यासाठी विमानातून जात्याच्या तळ्या खाली सोडल्या गेल्या. त्यातले मूठ-मूठ धान्य दळण्याऐवजी भिजत घातले असते तर? हा प्रश्न आज विचारणे सोपे आहे, हे मी जाणतो. तेथील वैद्यांनी आपल्यापरीने शर्थ केली. त्यांना जे ठाऊक नव्हते त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पण ज्यांच्या घरी आठवड्यातून एकदा तरी पुरचुंडी बांधली जात होती, अशीच माणसे त्या छावणीत हिरड्या धरून बसली होती, ही गोष्ट मनाला लागून राहते. घरातले ज्ञान घरातल्या बाईपाशी होते; शिपाई पलटणीत गेला तेव्हा ते त्याच्याबरोबर गेले नाही.

नव्या ज्ञानाची कसोटी लवकरच लागली. सर्बियन सैनिकांतील स्कर्वीच्या रुग्णांचे दोन गट करून विल्टशायर या डॉक्टरांनी एकाला ताज्या लिंबाचा रस आणि दुसऱ्याला मोड आलेल्या घेवड्याच्या बिया दिल्या. मोडाचा गट लिंबाच्या गटाहून मागे पडला नाही. उलट किंचित सरसच ठरला, असे त्यांनी १९१८ साली प्रसिद्ध केले. आपल्या देशातही याचा उपयोग झाला. तेव्हाच्या पंजाबातील आणि आजच्या हरियाणातील हिस्सार जिल्ह्यात १९३९-४० च्या दुष्काळात स्कर्वी उद्भवली, तेव्हा मोड आलेल्या हरभऱ्याने तिच्यावर उपचार करण्यात आले आणि त्याचा गुण आला. लिंबू नव्हते, भाजी नव्हती. पण हरभरा होता.

ज्याला आतापर्यंत ‘ते तत्त्व’ म्हटले त्याला १९३२ मध्ये ओळख मिळाली. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी वेगळे काढलेले द्रव्य हेच जीवनसत्त्व ‘क’ असल्याचे निश्चित झाले, आणि १९३७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मग मोडाचे रहस्यही उलगडले. कोरडा दाणा हा निद्रिस्त जीव आहे. त्याला या जीवनसत्त्वाची गरज नसते आणि म्हणून ते त्याच्यात नसल्यासारखेच असते. पाणी लागले की श्वसन सुरू होते, साठवलेल्या पिठाची साखर होऊ लागते, आणि त्या साखरेपासून अंकुर स्वतःच्या रक्षणासाठी जीवनसत्त्व ‘क’ घडवतो. शंभर ग्रॅम कच्च्या मोड आलेल्या मुगात ते सुमारे १३ मिलिग्रॅम सापडते. हा आकडा लहान वाटेल. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर झालेल्या दीर्घ प्रयोगात असे दिसले की, स्कर्वी टाळावयास दिवसाला १० मिलिग्रॅमही पुरतात. एक वाटी मोड, आणि मनुष्य उभा राहतो!

लाभ एवढाच नाही. दाण्यात फायटिक आम्ल नावाचे द्रव्य असते. ते लोह आणि जस्त यांना जखडून ठेवते. मोड येताना दाण्यातीलच एक पाचक द्रव्य ते बंधन सैल करते. पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात. मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व आपल्याकडे बाळाला देतात. ती वाळवून भाजताना जीवनसत्त्व ‘क’ कुकच्या माल्टप्रमाणेच नष्ट होते हे खरे, परंतु पचनाचा आणि लोहाचा लाभ शिल्लक राहतो. प्रत्येक कृतीचा गुण निराळा असतो. तो ओळखून तिच्याकडून अपेक्षा करावी, हे या इतिहासाचे एक तात्पर्य.

हा गुण वाढवावयाचा तर फार थोडे करावे लागते. दाणा जुना, किडका किंवा भरडलेला नसावा. मोड दोन-तीन दिवस वाढू द्यावा. थोडा उजेड मिळाला तर आणखी बरे. शिजवताना सोडा घालू नये आणि तांब्याचे उघडे भांडे वापरू नये. दोन्हींमुळे जीवनसत्त्व ‘क’ झपाट्याने नाहीसे होते. भिजवलेल्या मोडांतून पाणी निथळून टाकावे, पण शिजवलेल्या उसळीचे पाणी टाकू नये. वरून लिंबू पिळण्याची आपली चाल शहाणपणाची आहे; त्याने जीवनसत्त्वाची भर पडते आणि लोह अंगी लागते.

आणि एक सावधगिरी, कारण अर्धे सत्य सांगणे हा कुकच्याच चुकीचा दुसरा प्रकार होईल. जी ऊब आणि ओल अंकुराला मानवते तीच रोगजंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत एका आंतड्याच्या रोगाची साथ पसरली. पन्नासाहून अधिक माणसे दगावली, आणि तपासाचा माग मोड आणलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत पोहोचला. ते मोड कच्चेच खाल्ले गेले होते. म्हणून बी स्वच्छ, पाणी स्वच्छ, फडके रोज धुतलेले, आणि लहान मुले, गर्भवती व आजारी माणसे यांच्यासाठी मोड शिजवलेलेच असावेत. शिजवल्याने जीवनसत्त्वाचा काही अंश जातो. तो द्यावयाचे मूल्य म्हणून द्यावा. थोडक्यात वाफवलेली उसळ ही या दोन टोकांमधली तडजोड आहे, आणि आपल्या स्वयंपाकघराने ती फार पूर्वीच केली आहे.

हॅरिएट चिक १९७७ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या. कुटच्या वेढ्यातील मराठा शिपायांची नावे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतील. त्या दोघांची गाठ कधी पडली नाही. पण एकाच्या यातनेतून उठलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसरीने शोधले, आणि ते उत्तर त्या शिपायाच्या घरी चुलीशेजारी ओल्या फडक्यात बांधून ठेवलेले होते. पुढच्या वेळी ती पुरचुंडी सोडाल तेव्हा घरातल्या मुलांना जवळ बोलवा आणि तिच्यात काय आहे ते त्यांना सांगा. घरातले ज्ञान या वेळी तरी त्यांच्याबरोबर जावे.